बिंज ईटिंग आणि स्थूलता : चार दारांचे उपचार एका वहीत कसे आणावेत?

पडवीतली

मी रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते. वय ४३, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली अकरा वर्षे मी वजन कमी करण्याचा प्रयत्न करीत आहे आणि त्याच अकरा वर्षांत माझे वजन वाढत गेले आहे.

मागच्या पावसाळ्यातील एक रात्र सांगते, म्हणजे मी कशाविषयी बोलते आहे ते नेमके कळेल. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेला फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा पत्र्याचा डबा आमच्याकडे माळ्यावर असतो. वीज गेली होती आणि घरातील सर्व जण निजले होते. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून मी त्यावर ओले फडके धरले, चमच्याच्या दांड्याने ते उचकटले आणि उभ्याउभ्याच खात राहिले. भूक नव्हती, कारण नऊला व्यवस्थित जेवण झाले होते. तिसऱ्या-चौथ्या मुठीनंतर चवही कळत नव्हती, तरी हात थांबत नव्हता. डबा अर्ध्यावर आला तेव्हा भानावर आले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शहरात उतरून, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा दुकानातून तेवढेच गरे आणले आणि डबा पूर्वीच्या पातळीपर्यंत भरून ठेवला. सासूबाईंच्या लक्षात आले नाही. आठवड्यातून दोन-तीनदा असे काही ना काही घडत असे. गणपतीत पंगतीला मी अर्धी वाटी भात घेऊन उठत असे आणि पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात एकटीच मोदक खात असे. घरात याला चेष्टेने ‘भस्म्या’ म्हणतात.

उपचारांसाठी मी अनेक दारे ठोठावली. फिजिशियनने साखर सीमेवर आहे, यकृतावर चरबी आहे, वजन उतरवा, असे सांगितले. शहरातील एका वजन घटवण्याच्या केंद्रात पहिल्या तीन महिन्यांत ११ किलो उतरले आणि पुढील सात महिन्यांत १४ किलो चढले. रात्रीच्या खाण्याविषयी तिथे धीर करून सांगितले, तेव्हा ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असे उत्तर आणि नव्या पॅकेजची पावती मिळाली. वैद्यांनी दोनच वेळा जेवायला सांगितले. योगवर्गात सोमवारी लंघन सुचवले गेले. मी काय खाते हे सर्वांनी विचारले, कशी खाते हे कोणीच विचारले नाही. ते यंदा प्रथम एका मानसोपचारतज्ज्ञांनी विचारले आणि या प्रकाराला बिंज ईटिंग डिसऑर्डर असे नाव दिले. तीन-चार तासांहून अधिक वेळ उपाशी राहू नका, असे त्यांचे म्हणणे आहे.

आता एक जण म्हणतो दर तीन तासांनी खा, दुसरा म्हणतो दोनदाच खा, तिसरा म्हणतो उपास करा. शिवाय माझी संकष्टी आहे, ती लग्नापासून कधी चुकलेली नाही. यातून एक सुसंगत वाट कशी काढावी? ज्यांनी मानसोपचार, आहार, योग, आयुर्वेद आणि औषधे यांचा एकत्रित मेळ घातला आहे, त्यांचे अनुभव हवे आहेत.

खाडीपलीकडे

ताई, आपण हे इतके स्पष्ट लिहिले याबद्दल आभार. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात काम करतो. आपल्या डॉक्टरांच्या जागी स्वतःला न ठेवता सर्वसाधारण माहिती देतो.

स्थूल व्यक्तींमधील या खाण्याच्या झटक्यांचे वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ मध्ये केले. तरीही अमेरिकी निदानसंहितेत १९९४ साली ते केवळ परिशिष्टात आले आणि स्वतंत्र आजार म्हणून २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. निदानासाठी हे झटके सरासरी आठवड्यातून एकदा, असे किमान तीन महिने यावे लागतात आणि त्या वेळी ताबा सुटल्याची जाणीव असावी लागते. त्यासोबत पुढील पाचांपैकी तीन गोष्टी आढळाव्या लागतात : नेहमीपेक्षा भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खूप खाणे, लाजेने एकट्याने खाणे, आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी भावना वाटणे. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या आजारात माणूस नंतर उलटी काढतो, जुलाबाच्या गोळ्या घेतो किंवा तशीच दुसरी भरपाई नेमाने करतो; इथे ती नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तर खाल्लेले प्रमाण फार मोठेच असले पाहिजे असाही आग्रह नाही. ताबा सुटणे हे मुख्य लक्षण मानले आहे. आपला ओल्या फडक्याचा तपशील वाचून माझ्या मनात फारशी शंका उरली नाही.

स्थूलता आणि हा आजार मात्र एक नव्हेत. बहुसंख्य स्थूल व्यक्तींना तो नसतो आणि तो असलेली प्रत्येक व्यक्ती स्थूल नसते. ज्यांच्यात दोन्ही आहेत त्यांच्यावर केवळ वजनाचा उपचार झाला की काय होते, ते आपल्या ११ आणि १४ या आकड्यांत आले आहे.

याचे कारण समजून घेण्यासाठी एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्वेच्छेने आले होते आणि त्यांना खाण्याचा कोणताही आजार नव्हता. काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही, आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातील काही जण पोट फुगेपर्यंत खाऊनही तृप्त होत नव्हते. उपासमारीनंतर शरीर अन्नावर तुटून पडते, त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे हे शास्त्राला धरून नाही.

म्हणून या आजाराच्या वर्तनोपचारात, विशेषतः ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत, पहिली पायरी कमी खाण्याची नसून ठरल्या वेळी खाण्याची असते. तीन जेवणे, दोन-तीन लहान खाणी आणि मधले अंतर चार तासांच्या आत. सोबत खाल्ल्याबरोबर लिहायची नोंदवही. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांना प्रथम मार्गदर्शनासह स्वमदत कार्यक्रम द्यावा, चार आठवड्यांत तो लागू पडला नाही तर गटात आणि मग वैयक्तिक वर्तनोपचार द्यावा. उपचार चालू असताना वजन उतरवण्यासाठी डाएट करू नये, कारण त्याने झटके उसळतात, असेही तीत म्हटले आहे. या उपचारांनी झटके पुष्कळ कमी होतात, वजन मात्र फारसे उतरत नाही, हेही रुग्णाला आधीच सांगावे असा तिचा दंडक आहे. मी तो पाळतो. पहिल्या भेटीत हे ऐकून काही रुग्ण निघून जातात.

जांभा

मी अभियंता आहे, वैद्यकीय ज्ञान नाही. मी सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणे हा क्रम दीड वर्ष पाळून ९ किलो उतरवले. आपल्या पूर्वजांचे उपास निरर्थक नव्हते. शिस्तीला आजाराचे नाव देऊन आपण माणसाची जबाबदारीच काढून घेत नाही ना, असा प्रामाणिक प्रश्न आहे.

खाडीपलीकडे

आपल्याला लाभ झाला याचा आनंद आहे. आपल्याला ताबा सुटण्याचे झटके कधी आले होते का? नसतील, तर आपला अनुभव ताईंना लागू होत नाही. मोडलेल्या पायाने चालणे आणि धडधाकट पायाने चालणे यांत जबाबदारीचा फरक नसतो, पायाचा असतो. झटके येणाऱ्या माणसाने सोळा तास उपाशी राहणे म्हणजे दर रात्री त्या माळ्याची शिडी स्वतःच लावून ठेवणे आहे.

सप्तपर्णी

मी वैद्य आहे, सावंतवाडीकडे असते. माझ्याच शाखेकडून ताईंना मिळालेल्या ‘दोनच वेळा जेवा’ या सल्ल्याविषयी लिहिणे मला भाग आहे.

प्रथम ‘भस्म्या’ या शब्दाविषयी. चरकाने आपल्या संहितेतील चिकित्सास्थान या भागाच्या पंधराव्या अध्यायात वर्णिलेला अत्यग्नी, ज्याला पुढे भस्मक म्हटले गेले, त्यात कफ क्षीण होतो, खाल्लेले झरझर पचते आणि माणूस रोडावत जातो. ताईंचे तसे नाही. त्यांच्या अवस्थेच्या जवळचे वर्णन त्याच संहितेतील सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात आहे. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठातच, म्हणजे पोटातच, फिरतो, अग्नी पेटवतो, आणि म्हणून स्थूल माणसाला अन्न लवकर जिरल्यासारखे वाटून पुन्हा पुन्हा खावेसे वाटते, असे तिथे म्हटले आहे. त्याची भूक हे आजाराचेच अंग आहे हे ग्रंथकाराने ओळखले होते. दुर्दैवाने चिकित्सालयात आम्ही पुष्कळदा फक्त ‘लंघन’ एवढेच लक्षात ठेवतो. त्याच अध्यायात स्थूलासाठी गुरू आणि अपतर्पण, म्हणजे पोटाला भरीव वाटेल परंतु पुष्टी वाढवणार नाही, असा आहार सांगितला आहे आणि धान्यांच्या यादीत जव व मुगाबरोबर आपला कुळीथही आहे. व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा हेही तिथलेच.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्याच श्लोकात जागरणाचाही उल्लेख आहे, आणि मी ते कोणालाही सांगत नाही. झोप तुटली की भूक वाढते हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. ग्रंथाचा आदर ठेवूनही काही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात.

चरकाच्याच विमानस्थानातील आहारविधीचा मात्र मी रोज उपयोग करते : आधीचे जिरल्यावर, फार भराभर नाही आणि फार रेंगाळतही नाही, बडबड न करता, मन लावून जेवावे. अमेरिकेत जीन क्रिस्टेलर यांनी बिंज ईटिंगसाठी सजगतेवर आधारलेला खाण्याचा कार्यक्रम तयार केला आहे, त्यात भुकेची आणि तृप्तीची जाणीव पुन्हा ओळखायला शिकवतात. दोन्हींची कूळकथा वेगळी आहे, परंतु ताटासमोर बसलेल्या माणसाला करायचे काम जवळपास एकच आहे. योगातही मी हेच पाहते. श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव झटक्याच्या आधीच्या त्या दोन-तीन मिनिटांत कामी येतो. घाम गाळून खाल्लेले ‘जाळण्यासाठी’ सूर्यनमस्कार घालणे ही मात्र शिक्षा आहे, आणि शिक्षा झाली की पुढचा झटका येतोच.

रेचक चूर्णे या रुग्णांना मी देत नाही. बाजारातील नाव-गाव नसलेली ‘चरबीनाशक’ चूर्णे घेऊ नयेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असताना गुग्गुळाचे कल्प स्वतःहून सुरू करू नयेत. आपण वैद्यांकडून काय घेता ते मानसोपचारतज्ज्ञांना आणि फिजिशियनना लेखी कळवा. आम्हा तिघांचे बोलणे होत नसेल तर त्याला एकात्मिक उपचार म्हणण्यात अर्थ नाही.

आमसूल

आहारतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टींची भर घालते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण कोकमाच्या, म्हणजे ‘गार्सिनिया’च्या कॅप्सूल घेत असतात. आपला रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅप्सूल बहुधा त्याच्या दक्षिणेकडील भावंडाच्या, कंबोजियाच्या असतात. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते आणि ते चरबी वितळवते असा प्रचार आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३५ जणांना १२ आठवडे हे आम्ल किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि दोन्ही गटांच्या वजनात अर्थपूर्ण फरक पडला नाही. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि ताईंच्या यकृतावर आधीच चरबी आहे. सोलकढी अवश्य प्यावी, ती जेवणाला रुची आणते म्हणून.

दुसरे म्हणजे, वेळेवर खाणे म्हणजे ओट्स आणि आयात केलेली फळे नव्हेत. सकाळी आंबोळी किंवा घावण्यासोबत उसळ, मधल्या सुट्टीत उकड्या तांदळाची पेज आणि चमचाभर भाजी, दुपारी भाकरी, कुळथाची पिठी आणि मासळी, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे किंवा एक केळे, रात्री आठच्या आत साधे जेवण. पेज हलकी असते, म्हणून तिच्यासोबत प्रथिने हवीत. मोड आलेले कुळीथ किंवा एक अंडे पुरते. कोणताही पदार्थ ‘निषिद्ध’ ठरवू नये. गरे निषिद्ध ठरले की ते माळ्यावर जातात, आणि माळ्यावर गेलेली वस्तू रात्रीच आठवते. ते ताटात, वाटीत, इतरांच्या देखत, ठरलेल्या वेळी खावेत. सुरुवातीला याची भीती वाटते. ती वाटणे अपेक्षित आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही जुन्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवावे. साखर एकदम उतरली तरी खा-खा सुटते, आणि तिला मानसिक झटका समजण्याची चूक होते.

नाखवा

हा आजार बायकांचा समजला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो. माझी होडी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत मी किनाऱ्यावर रिकामा असतो. दिवसभर कर्जाचा हिशेब डोक्यात आणि रात्री चिवडा, फरसाण, उरलेले वडे, जे हाताला लागेल ते. जाळे ओढणारा माणूस मनाच्या डॉक्टरकडे जातो हे आमच्या वाडीत सांगण्यासारखे नाही, म्हणून मी प्रथम १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोललो. ती सेवा शासनाची आहे आणि फुकट आहे. तिथून जिल्हा रुग्णालयाची वाट कळली. आता मेहुण्याने वजनाच्या नव्या इंजेक्शनांविषयी सांगितले आहे. ती घेऊन हे सर्व एका फटक्यात संपेल का? आणि पोटाच्या ऑपरेशनचे काय?

खाडीपलीकडे

दादा, एका फटक्यात संपत नाही, परंतु इंजेक्शनांना टाकाऊ म्हणणेही चूक ठरेल. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ती मेंदूतील भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करतात, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, आणि डोक्यात सतत चाललेला अन्नाचा पिंगा शांत झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. त्यांची मान्यता स्थूलता आणि मधुमेह यांसाठी आहे, बिंज ईटिंगसाठी नाही. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. मळमळ आणि उलट्या होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात. खाणे फारच कमी झाले, दिवसदिवस जेवणे वगळली जाऊ लागली, तर आपण पुन्हा मिनेसोटाच्या वाटेवर जातो. म्हणून इंजेक्शन चालू असतानाही वेळापत्रक सोडायचे नसते.

बिंज ईटिंगसाठी अमेरिकेत २०१५ साली लिसडेक्सॅम्फेटामाइन मान्य झाले. ते उत्तेजक आहे, व्यसनाचा धोका आहे, आणि वजन उतरवण्यासाठी त्याला मान्यता नाही. टोपिरामेट या फिट्सवरील औषधाने खाण्याचे झटके कमी होतात, परंतु हातापायांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखडे होऊ शकतात. नैराश्य सोबत असेल तर त्याच्या गोळ्या उपयोगी पडतात. उलट, मानसिक आजारांची काही औषधे, उदाहरणार्थ ओलान्झापिन आणि मिर्टाझापिन, भूक वाढवतात. तसे काही चालू असेल तर ते स्वतः बंद न करता विचारावे.

शस्त्रक्रियेने जठर लहान होते, ताबा सुटण्याची सवय लहान होत नाही. ती नंतर थोड्या थोड्या खाण्याच्या रूपाने परत येऊ शकते, म्हणून आधी आणि नंतरही मनाची तपासणी हवी. स्थूलतेचे निकष आपल्याकडे वेगळे आहेत हेही ध्यानात असू द्या : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता, आणि कंबर पुरुषांत ९० तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असणे धोक्याचे.

पडवीतली

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

शाळेच्या दोनशे पानी वहीत पाच रकाने आखले : वेळ, काय खाल्ले, कुठे बसून, आधी काय घडले, ताबा होता की नाही. ताबा सुटला की तांबडी फुली. फुल्या कुठे जमतात हे पाहून मला आश्चर्य वाटले. मी मनाशी ठरवले होते की मुलाच्या परीक्षेचा ताण किंवा सासूबाईंचे टोमणे ही कारणे असणार. तशा फुल्या होत्या, पण दोनच. बाकी नऊपैकी सहा फुल्या अशा दिवशींच्या, ज्या दिवशी सकाळी ७:१० ची एस.टी. गाठण्यासाठी मी चहावर निघाले आणि दुपारी साडेतीनपर्यंत काही खाल्ले नाही. दोन सोमवारच्या, एक संकष्टीची. पहिल्या पंधरवड्यात सहा फुल्या होत्या, पुढील तीन आठवड्यांत पाच.

आता थर्मासमध्ये पेज नेते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर खाताना पहिले चार दिवस घास उतरत नव्हता. वजन तेवढेच आहे, साडेतीनशे ग्रॅम वाढलेच आहे. पहिल्या आठवड्यात ते पाहून वही फेकून द्यावीशी वाटली होती. डॉक्टरांनी आधी सांगितले नसते तर फेकलीही असती. आता काटा महिन्यातून एकदाच, त्यांच्याच दवाखान्यात.

वहीच्या मागील पानावर मी तिन्ही डॉक्टरांसाठी एकेक चौकोन ठेवला आहे. ज्याच्याकडे जाईन त्याने आपले सांगणे तिथे लिहायचे आणि आधीच्याचे वाचायचे. फिजिशियननी वैद्यांचा चौकोन वाचून त्यांतील एक चूर्ण यकृताचा अहवाल येईपर्यंत थांबवायला सांगितले आणि वैद्यांनीही ते मान्य केले. ‘दोनच वेळा जेवा’ यावर त्यांनी स्वतःच काट मारली. योगशिक्षिकेने सोमवारचे लंघन काढून रात्री साडेनऊला दहा मिनिटे शवासन दिले आहे. रात्री हात माळ्याकडे जाण्याची वेळ साधारण तीच असते.

गऱ्यांचा डबा खाली आणून ओटीवरच्या फडताळात ठेवला. सासूबाईंनी कारण विचारले, तेव्हा शिडी चढायला गुडघे दुखतात असे सांगितले, आणि ते खोटेही नाही. एकदा दुपारी चहाबरोबर त्यांच्या देखत वाटीभर गरे खाल्ले. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

संकष्टीचे अजून ठरत नव्हते. पावसात चंद्र दिसत नाही, पंचांगातील वेळ पाहून रात्री नैवेद्य होतो आणि दिवसभराच्या उपाशी पोटावर पान पुढे येते. वहीतील सर्वांत ठसठशीत फुली त्या रात्रीची आहे. सप्तपर्णीताईंना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले. व्रतात रुग्णाला सवलत असते, आणि अन्नाऐवजी दुसरे काही सोडता येते, असे त्यांचे उत्तर आले. पुढच्या संकष्टीला मी सकाळी, मधल्या सुट्टीत आणि दुपारी नेहमीप्रमाणे खाणार आहे, रात्रीचे जेवण साडेसातला करणार आहे, आणि चंद्रोदयाला मोदकाचा नैवेद्य दाखवून त्यातला एक सर्वांसोबत बसून खाणार आहे. हे सासूबाईंना सांगायचे अजून राहिले आहे.